चुन्याचा जमाखर्च

पदार्थांत होणाऱ्या बदलांचे भौतिक आणि रासायनिक असे दोन वर्ग शाळेत शिकविले जातात, आणि जो बदल उलटवून पदार्थ मूळपदावर आणता येतो तो भौतिक व जो उलटविता येत नाही तो रासायनिक, अशी त्यांची सोपी खूण बहुधा सांगितली जाते. परंतु या खुणेवर सर्वस्वी भिस्त ठेवणे किती धोक्याचे आहे, याचा खणखणीत दाखला पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भिंतींना लागत आलेल्या चुन्याइतका दुसरा क्वचितच मिळेल.

चुनखडीचा धोंडा घणाने फोडला, कुटला, वस्त्रगाळ केला, तरी त्या पुडीवर लिंबाचा रस पिळताच मूळ धोंड्यावर यावा तसाच फेस येतो. पुडीचा पुन्हा धोंडा करणे आपल्या हाती नाही, आणि तरीही हा बदल निखालस भौतिक आहे. कारण आकार गेला, पण द्रव्य तेच राहिले.

तोच धोंडा भट्टीत सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, तर बाहेर येणारा कळीचा चुना वरकरणी दगडासारखाच दिसतो. मात्र तो उचलताच हलका लागतो. शुद्ध चुनखडीच्या 100 भागांतून 56 भाग चुना उरतो, आणि बाकीचे 44 भाग कार्बन डायऑक्साइड वायू होऊन निघून जातात. अग्नीचा काही अंश शिरल्यामुळे चुना दाहक होतो, असा जो समज पूर्वी होता, तो स्कॉटलंडातील जोसेफ ब्लॅक यांनी 1756 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तराजूच्या साहाय्याने खोडून काढला: दगडात काही शिरले नव्हते, उलट त्यातून वायू गेला होता.

आता या कळीवर पाणी घाला. क्षणभर ती पाणी निमूटपणे पिते. मग तडकते, फुगते, सळसळू लागते, आणि वाफेचे लोट उठून तिची पांढरी भुकटी होते. चुना विरविणारा कारागीर या वेळी तोंड फिरवून दूर उभा राहतो, कारण उसळलेला थेंब डोळ्यांत गेला तर डोळा गमावण्याची पाळी येते. येथे 56 भाग कळी 18 भाग पाण्याशी संयोग पावून 74 भाग विरलेला चुना होतो, हा बदल रासायनिक; आणि त्याच उष्णतेने उरलेल्या पाण्याची वाफ होते, तो भौतिक. एकाच हौदात दोन्ही एकाच वेळी घडतात.

पुढे गिलाव्यातील पाणी सुकते, आणि चुना हवेतून 44 भाग कार्बन डायऑक्साइड सावकाश परत घेऊन 18 भाग पाणी सोडतो. जमाखर्च जुळून पुन्हा चुनखडीचे 100 भाग शिल्लक राहतात. तीन रासायनिक बदलांनंतर द्रव्य मूळपदावर आले! मात्र दळलेली चुनखडी पाण्यात कालवून विटांमध्ये भरली असती, तर ती सुकून निव्वळ भुगा राहिली असती. चुना विटा धरून ठेवतो, कारण त्याचे नवे स्फटिक तेथल्या तेथे, एकमेकांत गुंतत, घडतात.

म्हणून उष्णता, वाफ, फेस किंवा बदललेले रूप या साऱ्या साक्षी अवश्य नोंदवाव्यात, परंतु निकाल देताना प्रश्न एकच विचारावा: द्रव्य तेच राहिले, की नवे द्रव्य निर्माण झाले? विद्यार्थ्यांना व्याख्या पाठ करायला लावण्यापूर्वी हा प्रश्न आणि एक तराजू द्यावा. रसायनशास्त्राची खरी सुरुवात तेथूनच होते.