केसांचं रसायन (लेखांक ९) : स्मूदनिंग केलेल्या केसांवर रंग

लग्नसराईच्या तोंडावर पार्लरमध्ये एकाच बैठकीत दोन्ही कामं उरकून मागणाऱ्या पुष्कळ जणी असतात. केस सरळ करायचे आणि लगेच त्यावर चॉकलेटी नाहीतर बरगंडी रंगही चढवायचा. पार्लरवाल्या ताईंना नाही म्हणवत नाही, कारण गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल ही धास्ती असते. पण ही दोन कामं एका दिवशी करू नयेत. का करू नयेत, हे खुर्चीत बसणारीला ठाऊक असेल तर नाही म्हणणंही सोपं होतं.

रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंगमध्ये काय होतं ते गेल्या लेखात पाहिलं. केसाची ताकद केराटिन या प्रथिनातल्या गंधकाच्या बंधांत असते. अमोनियम थायोग्लायकोलेट हे बंध सोडवतं, तापलेली इस्त्री केस सरळ करते आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड बंध परत जुळवतं. सगळे मात्र जुळत नाहीत. काही बंध पुन्हा न जुळण्याइतके बदलून जातात आणि तेवढी ताकद त्या केसातून कायमची वजा होते. आता रंग कसा चढतो पाहा. अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेलं मोनोइथॅनॉलअमाईन केसावरची कौलांसारखी एकावर एक बसलेली आवरणं उचलतं. पेरॉक्साइड आतला मूळचा रंग फिका करतं. पीपीडीसारखे रंग घडवणारे बारीक रेणू आत शिरतात, एकमेकांना जुळून मोठे होतात आणि आतच अडकून बसतात. म्हणजे पुन्हा अल्कली, पुन्हा पेरॉक्साइड आणि तेही आधीच हलक्या झालेल्या केसावर.

तरीही स्मूदनिंग केलेल्या केसांना रंग लावता येतो आणि तो चांगला बसतो. त्यासाठी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. डोक्यावरचे सगळे केस एका वयाचे नसतात, आणि एकच केससुद्धा मुळाशी आणि टोकाला एका वयाचा नसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. तुमचा केस ३० सेंटीमीटर लांब असेल, तर त्याचं टोक अडीच वर्षांपूर्वी टाळूतून बाहेर आलेलं आहे. त्या टोकाने दोन वेळा स्मूदनिंग, तीन-चार वेळा रंग आणि शेकडो वेळा शाम्पू सोसलेला असू शकतो. मुळाजवळच्या चार सेंटीमीटरला यातलं काहीच माहीत नसतं. माझ्या मते घरोघरी आणि पार्लरमध्ये केस खराब होतात ते रंगामुळे कमी आणि एकाच वाटीतलं मिश्रण मुळापासून टोकापर्यंत फासल्यामुळे जास्त.

म्हणून दोन वाट्या. पांढरे केस झाकायचे असतील तर नव्याने आलेल्या मुळांनाच कायमस्वरूपी रंग, २० वॉल्यूमच्या म्हणजे ६ टक्के पेरॉक्साइडच्या डेव्हलपरमध्ये. खालच्या लांबीला डेमी-पर्मनंट रंग, ३ टक्के किंवा त्याहूनही सौम्य डेव्हलपरमध्ये, तोही शेवटची काही मिनिटं. टोकं सच्छिद्र झालेली असतात. ती रंग अधाशासारखी पितात आणि गडद दिसतात, शिवाय तो तितक्याच लवकर धुऊन जातो. त्यामुळे टोकांसाठी एक छटा उजळ निवडावी. ३० किंवा ४० वॉल्यूमची बाटली अशा केसांजवळ आणूच नये.

केसाला रंग झेपेल का, हे घरच्या घरी पाहता येतं. धुतल्यावर कानामागचा एक, माथ्यावरचा एक आणि मानेजवळचा एक असे ओले केस घ्या. प्रत्येक दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणा. धडधाकट ओला केस मूळ लांबीच्या जवळजवळ ३० टक्के ताणला जातो आणि सोडला की पूर्ववत होतो. ताणल्यावर तसाच लोंबत राहिला, बोटांना लिबलिबीत लागला किंवा न ताणता तटकन तुटला, तर रंगाचा बेत पुढे ढकला. मग चिमूट टोकाकडून मुळाकडे फिरवा. जिथे खरखर लागते, तिथून खालचा भाग दुसऱ्या वाटीचा.

क्रम विचाराल तर आधी स्मूदनिंग, मग किमान दोन आठवडे थांबून रंग. उलटं केलं तर थायोग्लायकोलेट आणि इस्त्री मिळून नुकताच लावलेला रंग उतरवतात. फॉर्मल्डिहाइड नाही असं सांगून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच केराटिन ट्रीटमेंटमध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं, आणि तेही रंग फिका करतं. या आम्लाच्या क्रीममुळे एका तरुणीच्या मूत्रपिंडांना वारंवार इजा झाल्याची नोंद २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. रंग बाजूला ठेवला तरी डब्यावरचं हे नाव वाचायला शिका.

मेहंदीचा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. निव्वळ मेहंदीच्या पानातलं लॉसोन केराटिनला चिकटतं आणि केसाचं वाईट करत नाही. फार तर वरून लावलेला रंग कमी-जास्त बसतो. नीळ मिसळलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट झाक येते. खरी काळजी 'काळी मेहंदी'ची. तिच्यात बहुधा पीपीडी असतं, आणि काही पुड्यांत धातूंचे क्षार. हे क्षार पेरॉक्साइडशी भेटले की केस तापतो, कधी धूर निघतो आणि बट हातात येते. कंगव्यातले केस काचेच्या पेल्यात २० वॉल्यूम पेरॉक्साइड आणि थोड्या अमोनियाच्या मिश्रणात अर्धा तास ठेवून पाहावेत. मिश्रण गरम झालं, फेसाळलं किंवा केसांचा रंग झपाट्याने बदलला, तर तो भाग कापून जाईपर्यंत रंग नको.

कुरळ्या केसांची गोष्ट वेगळी. त्यांचा छेद चपटा असतो, प्रत्येक वळणावर आवरणं थोडी उचललेली असतात आणि टाळूचं तेल टोकापर्यंत पोचत नाही. स्मूदनिंग सोडून पुन्हा कुरळे केस वाढवणाऱ्या मुलींचा केस बहुतेक वेळा नवा कुरळा आणि जुना सरळ भाग जिथे मिळतात त्या रेषेवरच तुटतो. त्या रेषेवर रंग किंवा ब्लीच चढू द्यायचा नाही. हायलाइट्स हवे असतील तर नव्या वाढीवर थोडेसेच. आणि आपल्या काळ्या केसांना राखाडी-सोनेरी करायचं असेल, तर ते आधी लाल, मग नारिंगी टप्प्यातून जातात आणि तिथवर पोचायला ब्लीच अनेकदा करावं लागतं. सरळ केलेल्या केसावर हे मी कुणालाच सुचवणार नाही.

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी रंगाआधी ईडीटीए असलेला शाम्पू एकदा वापरावा. पाण्यातून केसात साठलेले तांब्याचे अंश पेरॉक्साइडला जास्त उग्र करतात; हा शाम्पू ते काढतो. आणि रंगानंतर? खोबरेल. मुंबईच्या मॅरिकोमधल्या रेले आणि मोहिले यांनी २००३ साली दाखवलं की धुण्याआधी लावलेलं खोबरेल केसातल्या प्रथिनाची झीज कमी करतं; सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल तसं करत नाहीत. मॅरिको खोबरेल विकते हे ध्यानात ठेवूनही निष्कर्ष पटतो, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. न्हाण्याच्या आदल्या रात्री टोकांना चोळा, मुळांना नाही चोळलं तरी चालेल.

पार्लरमध्ये गेलात की बसण्याआधी गेल्या तीन वर्षांत केसांवर काय काय लावलं ते सगळं सांगा, मेहंदीसकट. परदेशात सोडियम हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर लावून घेतला असेल तर तेही, कारण त्यावर थायोग्लायकोलेट चालत नाही. कानामागे रंगाचा थेंब लावून ४८ तास वाट पाहा. त्या थेंबाने खाज किंवा सूज आली तर काय करायचं, ते पुढच्या लेखांकात.