क्लाउडची पहिली परीक्षा आणि सराव प्रश्नांचा उपयोग



बेळगाव-निपाणी भागातील आपले अनेक माजी विद्यार्थी आज पुण्यात आणि बंगळुरात संगणक क्षेत्रात नोकरी करतात. पी.यू.सी., डिप्लोमा किंवा बी.सी.ए. करणारे विद्यार्थीही त्याच वाटेने जाऊ पाहतात. त्यांच्याकडून अलीकडे एका परीक्षेबद्दल वारंवार विचारणा होते. अॅमेझॉन वेब सर्व्हिसेस या कंपनीची 'क्लाउड प्रॅक्टिशनर' ही ती प्रवेश पातळीची परीक्षा होय. ती द्यावी का, केव्हा द्यावी आणि सराव प्रश्नांचा अभ्यास कसा करावा, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

क्लाउड म्हणजे काय?

निपाणीच्या मुलांना तंबाखूची वखार माहीत आहे. हंगामात व्यापाऱ्याला जास्त जागा लागते, एरवी कमी. स्वतःची मोठी वखार बांधली तर बांधकामाचा खर्च एकदम करावा लागतो आणि वर्षातील बरेच महिने ती अर्धी रिकामी राहते. त्यापेक्षा लागेल तेवढी जागा लागेल तेवढे दिवस भाड्याने घेणे परवडते. क्लाउडमध्ये हेच संगणकांच्या बाबतीत होते. कंपनी मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक सांभाळते आणि आपण इंटरनेटवरून त्यांची शक्ती व साठवणुकीची जागा भाड्याने घेतो. जेवढा वापर, तेवढे बिल.

अॅमेझॉनने ही सेवा २००६ साली सुरू केली. जून २०१६ मध्ये मुंबईत आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादेत तिची केंद्रे उघडली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच पुण्यात आपले केंद्र सुरू केले होते. म्हणजे ज्या 'ढगा'बद्दल आपण बोलतो, तो प्रत्यक्षात आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर, विटा-सिमेंटच्या इमारतींत आहे.

परीक्षेचे स्वरूप

प्रश्न ६५, वेळ ९० मिनिटे. सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे. काहींना एकच उत्तर बरोबर असते, काहींत दोन किंवा अधिक पर्याय निवडायचे असतात. अशा प्रश्नात सगळे योग्य पर्याय निवडले तरच गुण मिळतात. ६५ पैकी ५० प्रश्नांनाच गुण असतात. उरलेले १५ कंपनी चाचणीसाठी घालते, पण ते कोणते हे सांगितले जात नाही. त्यामुळे सर्वच प्रश्न मनापासून सोडवावे लागतात. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये.

गुण १०० ते १००० या पट्टीवर दिले जातात आणि उत्तीर्ण होण्यास ७०० लागतात. ७०० म्हणजे ७० टक्के असा सरळ हिशेब मात्र नाही, कारण प्रश्नांच्या अवघडपणाचा विचार करून ही पट्टी बसवलेली असते. प्रत्येक विभागात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागत नाही. एकूण गुण पाहिले जातात.

अभ्यासक्रमाचे चार भाग आहेत. क्लाउडच्या मूळ संकल्पनांना २४ टक्के, सुरक्षेला ३०, तंत्रज्ञान व सेवांना ३४ आणि बिल, दर व मदत या भागाला १२ टक्के भार आहे. ही विभागणी सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या 'सीएलएफ-सी०२' या आवृत्तीची आहे. त्याआधीच्या आवृत्तीत सुरक्षेला २५ आणि बिलाच्या भागाला १६ टक्के होते. जुने प्रश्नसंच अजूनही हातोहात फिरतात, तेव्हा संच कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी पाहावे. नोंदणीपूर्वी कंपनीची अधिकृत परीक्षा-पुस्तिकाही एकदा वाचून घ्यावी.

सराव प्रश्न कशासाठी?

पुष्कळ विद्यार्थी सराव प्रश्न सोडवतात, बरोबर किती आले ते मोजतात आणि पुढच्या संचाकडे वळतात. आमच्या मते खरा अभ्यास गुण मोजल्यानंतर सुरू होतो. बरोबर पर्याय का बरोबर आहे आणि उरलेले तीन का चूक आहेत, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. म्हणजे एका प्रश्नातून चार गोष्टी शिकून होतात. नमुन्यासाठी आम्ही तयार केलेले तीन प्रश्न पाहू.

पहिला प्रश्न. निकालाच्या एका वेबसाइटवर वर्षातून दोनच दिवस प्रचंड गर्दी होते. त्या दिवशी संगणक आपोआप वाढावेत आणि गर्दी ओसरली की कमी व्हावेत. हा क्लाउडचा कोणता गुण? पर्याय: लो लेटन्सी, इलॅस्टिसिटी, ड्युरेबिलिटी, हाय अव्हेलेबिलिटी.

उत्तर आहे इलॅस्टिसिटी, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणे आणि कमी होणे. लो लेटन्सी म्हणजे उत्तर यायला लागणारा विलंब कमी असणे. ड्युरेबिलिटी म्हणजे साठवलेली माहिती नष्ट न होणे. हाय अव्हेलेबिलिटी म्हणजे एखादा भाग बंद पडला तरी सेवा चालू राहणे. बरेच जण हाय अव्हेलेबिलिटी निवडतात, कारण गर्दीत वेबसाइट बंद पडू नये हा विचार डोक्यात असतो. पण प्रश्नात 'वाढावेत आणि कमी व्हावेत' असे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा प्रश्न. समजा, उद्यमबागेतील एका कारखान्याने 'ईसी-टू' या सेवेतून एक संगणक भाड्याने घेतला. त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुधारणा वेळोवेळी बसवण्याची जबाबदारी कोणाची?

उत्तर: कारखान्याची. येथे पुन्हा वखार आठवावी. भिंती, छप्पर आणि दारावरचा पहारेकरी ही वखारमालकाची जबाबदारी. आत माल कसा रचला, किल्ली कोणाकडे दिली, ही भाडेकरूची. अॅमेझॉन इमारत, यंत्रे आणि विजेची व्यवस्था सांभाळते. ईसी-टूवरील ऑपरेटिंग सिस्टिम, पासवर्ड आणि माहिती ग्राहकाने सांभाळायची. मात्र हाच प्रश्न 'आरडीएस' या डेटाबेस सेवेबद्दल विचारला तर उत्तर बदलते. तेथे ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुधारणा कंपनीच करते. सेवेचे नाव न वाचता 'सुरक्षा म्हणजे ग्राहक' असे पाठ केलेला विद्यार्थी येथे फसतो. सुरक्षेला ३० टक्के भार असल्याने हा मुद्दा पक्का असावा.

तिसरा प्रश्न. रात्री हजारो छायाचित्रांचा आकार लहान करायचा आहे. काम मध्येच थांबले आणि नंतर पुढे सुरू झाले तरी चालेल. सर्वांत कमी खर्चाचा मार्ग कोणता? पर्याय: ऑन-डिमांड, रिझर्व्ह्ड, स्पॉट, डेडिकेटेड होस्ट.

उत्तर आहे स्पॉट. कंपनीकडे रिकामे पडलेले संगणक यात मोठ्या सवलतीने मिळतात, पण कंपनीला गरज पडली तर दोन मिनिटांची सूचना देऊन ती ते परत घेते. रिझर्व्ह्डमध्ये एक किंवा तीन वर्षांचा करार असतो, म्हणून ते सतत चालणाऱ्या कामाला योग्य. ऑन-डिमांडमध्ये करार नसतो, पण दर जास्त. डेडिकेटेड होस्ट म्हणजे पूर्ण यंत्र एकट्यासाठी घेणे. ते महाग पडते. आता 'काम थांबले तरी चालेल' हे वाक्य बदलून 'काम थांबता कामा नये' असे करून पाहा. स्पॉट लगेच बाद होते. एका वाक्यावर सगळे उत्तर अवलंबून असते.

इंग्रजीची अडचण

ही परीक्षा इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा काही भाषांत देता येते. त्यांत मराठी किंवा कन्नड नाही. आपल्या मुलांना ती इंग्रजीतूनच द्यावी लागते. मराठी माध्यमातील मुलाला विषय समजलेला असतो, परंतु प्रश्नाचे लांब इंग्रजी वाक्य वाचताना त्याचा वेळ जातो किंवा नेमका शब्द निसटतो. आलेले उत्तर केवळ वाचनामुळे हुकावे, याचे आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटते. यावर तीन उपाय आहेत.

एक. प्रश्नात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी करा. 'मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह' म्हणजे काम भागवून सर्वांत कमी खर्चाचा. 'लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' म्हणजे आपल्याला सांभाळावी लागणारी कामे सर्वांत कमी. 'नॉट' आणि 'एक्सेप्ट' हे शब्द दिसले की थांबा, कारण तेथे उलटे उत्तर हवे असते. अशा तीस-चाळीस शब्दप्रयोगांनी बरेच काम होते.

दोन. प्रश्न इंग्रजीत वाचा, पण त्याचे कारण मराठीत मोठ्याने सांगा. घरी आई, आजी, धाकटा भाऊ, कोणीही ऐकणारे चालेल. त्यांना समजेल असे सांगता आले तर विषय तुम्हाला समजला.

तीन. ही माहिती फार थोड्यांना असते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांना इंग्रजीतून परीक्षा देताना ३० मिनिटे जादा मिळू शकतात. त्यासाठी वेगळे शुल्क नाही. मात्र परीक्षेची तारीख घेण्यापूर्वीच आपल्या खात्यातून तशी मागणी करून मंजुरी घ्यावी लागते. एरवी एका प्रश्नाला सुमारे ८३ सेकंद मिळतात. जादा वेळ धरला तर सुमारे ११० सेकंद. संथ वाचणाऱ्या मुलासाठी हा फरक मोठा आहे.

चुकांची वही

प्रत्येकाने एक दोनशे पानी वही करावी आणि तिचे चार रकाने आखावेत: प्रश्नाचा विषय, माझे उत्तर, बरोबर उत्तर, आणि चूक का झाली. चौथा रकाना महत्त्वाचा. चूक विषय न समजल्याने झाली, इंग्रजी शब्द चुकल्याने झाली, घाईने झाली की दोन सेवांची नावे सारखी वाटल्याने झाली, हे तेथे लिहावे. पंधरा दिवसांनी हा रकाना वरून खाली वाचला की आपले दुखणे कोठे आहे ते आपोआप कळते.

कंपनीच्या 'स्किल बिल्डर' या संकेतस्थळावर मूलभूत अभ्यासक्रम आणि अधिकृत सराव प्रश्नांचा एक छोटा संच विनामूल्य मिळतो. सुरुवात तेथूनच करावी. रोज तासभर दिला तर सहा ते आठ आठवडे पुरतात. पहिले तीन आठवडे वाचन आणि प्रत्येक भागाचे थोडे प्रश्न, नंतर मिश्र प्रश्न, आणि शेवटच्या दोन आठवड्यांत घड्याळ लावून पूर्ण ६५ प्रश्न. एकच संच पुन्हा पुन्हा सोडवून मिळालेल्या ९५ टक्क्यांवर विसंबू नये. त्यात पाठांतर बोलते. पूर्वी न पाहिलेल्या तीन संचांत ८० टक्क्यांच्या वर गुण आले, तर तारीख घ्यायला हरकत नाही.

'खरे प्रश्न' विकणाऱ्यांपासून सावध

परीक्षेतील खरे प्रश्न म्हणून काही संच विकले जातात. परीक्षा देणारा प्रत्येक जण प्रश्न बाहेर न सांगण्याचा करार मान्य करतो, त्यामुळे असे प्रश्न वापरणे हा नियमभंग आहे. उघडकीस आल्यास निकाल रद्द होऊ शकतो आणि पुढील परीक्षांनाही बंदी येऊ शकते. शिवाय त्यांतील अनेक उत्तरे चुकीची असतात. सर्वांत मोठे नुकसान मात्र नंतर होते. मुलाखतीत 'स्पॉट का निवडले?' असे विचारले की घोकलेले उत्तर उपयोगी पडत नाही.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

परीक्षेचे शुल्क १०० अमेरिकी डॉलर आणि त्यावर कर इतके आहे. अनुत्तीर्ण झाल्यास १४ दिवस थांबून पुन्हा पूर्ण शुल्क भरावे लागते. आपल्यापैकी अनेक घरांत ही रक्कम महिन्याच्या किराणा मालाइतकी आहे, म्हणून तयारी झाल्याशिवाय तारीख घेऊ नये. 'हमखास पास, हमखास नोकरी' असे सांगणाऱ्या क्लासला पैसे देण्यापूर्वी दहादा विचार करावा. ही परीक्षा प्राथमिक ज्ञान तपासते. ती पहिली पायरी आहे, तेवढ्यावर नोकरी मिळत नाही.

प्रमाणपत्र तीन वर्षेच ग्राह्य असते. नववीतील मुलाने ते मिळवले तर पदवी हाती येण्याआधीच त्याची मुदत संपेल. म्हणून शाळेतील मुलांनी विषयाची ओळख करून घ्यावी, पण एस.एस.एल.सी.चा अभ्यास आणि इंग्रजी वाचन पक्के करावे. परीक्षा पदवीच्या किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी दिलेली बरी. त्याआधी द्यायचीच असेल, तर १८ वर्षांखालील उमेदवारास पालकांची संमती लागते.

सरावासाठी क्लाउडचे खाते उघडताना पालकांचे कार्ड जोडावे लागते. वापरलेला संगणक बंद करायचे राहिले तर बिल चढत राहते. खर्चाची मर्यादा ओलांडताच सूचना येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी. घरून परीक्षा देणार असाल तर खोलीत दुसरे कोणी येता कामा नये आणि कॅमेरा सतत चालू लागतो. भरलेल्या घरात किंवा वीज जाणाऱ्या गावात हे जमणार नसेल, तर केंद्रावर जाऊन दिलेली बरी.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की माजी विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणक कक्ष उघडा ठेवावा. अधिकृत साहित्य विनामूल्य असल्याने वेगळी खरेदी करावी लागणार नाही. ज्यांची तयारी वहीवरून आणि सराव संचांवरून दिसते, अशा गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्काचा काही भाग मंडळाने उचलला तर तो पैसा सत्कारणी लागेल. नोकरीत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनीही गावी आल्यावर एखादी संध्याकाळ या मुलांसोबत बसावे, आणि एकेका प्रश्नातील चारही पर्यायांची चर्चा मराठीत करावी.