नवशिक्याची खूण

शेतकरी नवा खोंड प्रथमच गाडीला जुंपतो, तेव्हा तो दोन्हीकडे नवी जनावरे जुंपीत नाही. जोखडाच्या एका बाजूस शांत, अनुभवी बैल असतो व दुसऱ्या बाजूस नवा खोंड. तो खोंड बिचकतो, मान झुगारतो, वाट सोडून वाकडा चालतो. समोरून येणारा गाडीवान हे दुरूनच ओळखतो. तो आपली गाडी थोडी कडेला घेतो, चाबूक वाजवीत नाही, उगाच ओरडत नाही. नव्या खोंडाच्या गळ्यात कोणी पाटी बांधलेली नसते. त्याचे नवेपण त्याच्या चालीतूनच दिसते, आणि जाणता मनुष्य ते पाहून आपले वर्तन ठरवितो.

मोटारीचे तसे नाही. तिच्या काचेआड बसलेला मनुष्य वीस वर्षांचा अनुभवी चालक आहे, की कालच परवाना हाती आलेला नवशिका आहे, हे मागून येणाऱ्यास कळत नाही. मोटार बैलाप्रमाणे बिचकत नाही. बिचकतो तो आत बसलेला चालक, आणि तो तर दिसत नाही. म्हणूनच एक प्रश्न अनेक देशांत विचारला गेला आहे : ज्याला नुकताच परवाना मिळाला आहे, अशा चालकाने आपल्या गाडीवर तशी खूण लावावी काय? प्रश्न लहानशा पाटीचा दिसतो. परंतु त्याच्याशी माणसांचे प्राण निगडित आहेत, म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

प्रथम आपल्या देशातील व्यवस्था पाहू. तांबड्या रंगाचे ‘एल’ हे इंग्रजी अक्षर असलेली पांढरी पाटी तुम्ही पुष्कळदा पाहिली असेल. ती शिकाऊ चालकाची खूण होय. १९८८ सालचा मोटार वाहन कायदा आणि १९८९ साली झालेले केंद्रीय नियम यांनुसार, शिकाऊ परवाना असणाऱ्याने ही पाटी गाडीच्या पुढे व मागे लावावी लागते. पाटी १८ सेंटिमीटर लांबरुंद असावी, तीवरील अक्षर १० सेंटिमीटर उंच असावे, इतके बारकावे नियमांत सांगितलेले आहेत. मोटार शिकणाऱ्याच्या शेजारी परवाना असलेला शिक्षक बसला पाहिजे, आणि तोही वेळ पडल्यास गाडी थांबविता येईल अशा जागी. शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. नवा खोंड आणि शेजारी जाणता बैल, असाच हा प्रकार आहे.

पुढे परीक्षा होते, परवाना मिळतो, आणि त्याच क्षणी सर्व पालटते. पाटी निघते, शेजारचा शिक्षक उतरतो, आणि नवा चालक एकटा रस्त्यावर येतो. काल सायंकाळी जो शिकाऊ होता, तो आज सकाळी एकाएकी जाणता कसा होईल? परीक्षेत उत्तीर्ण होणे म्हणजे विद्या पूर्ण होणे नव्हे, हे तुम्हां विद्यार्थ्यांना वेगळे सांगावयास नको. पोहण्याची परीक्षा विहिरीत दिली, म्हणून पुराच्या पाण्यात उडी घालता येत नाही.

निरनिराळ्या देशांतील अभ्यासकांना असे आढळून आले आहे की, परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिनेच चालकाच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. पुढे अनुभव वाढतो तसा धोका झपाट्याने कमी होतो. याचे कारण हातापायांत नसून डोळ्यांत व मनात आहे. चाक फिरविणे, गतिरोधक दाबणे, गिअर बदलणे या गोष्टी काही आठवड्यांत साधतात. परंतु कोठे पाहावे, हे कळावयास फार काळ लागतो. नवशिक्याची नजर बहुधा गाडीच्या लगेच पुढील भागावर खिळलेली असते. आरशांत तो कमी पाहतो. मुरलेला चालक मात्र दूरवर पाहतो, दोन्ही कडांना पाहतो, आणि जे अजून घडलेले नाही त्याचीही अटकळ बांधतो. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला, तर नवशिक्याला चेंडू दिसतो. अनुभवी मनुष्याला त्या चेंडूमागून धावत येणारे मूलही मनाने आधीच दिसते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, हे साधे गणित करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. तुमच्या वर्गाची लांबी सात मीटर धरली, तर एका सेकंदात ती दोन वर्गांहून अधिक पुढे जाते. नव्या चालकाला संकट ओळखावयास एकच सेकंद अधिक लागला, तरी तेवढ्यात होत्याचे नव्हते होते. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे सर्व अपघात नवशिक्यांनी केले असे मुळीच नाही. पण ज्या घरातील मनुष्य गेला त्या घराला हा आकडा केवळ आकडा राहत नाही. म्हणून अपघात थोडेही कमी करणारा उपाय असेल, तर तो पारखून पाहणे हे आपले कर्तव्य ठरते.

आता इतर देशांनी काय केले ते पाहू. ब्रिटनमध्ये १९०३ सालच्या कायद्यानुसार मोटार चालविण्यास परवाना लागे. परंतु तो पाच शिलिंग भरले की मिळत असे, परीक्षा नसे. १९३४ साली तेथे रस्त्यांवर सात हजारांहून अधिक माणसे मरण पावली, आणि १९३५ सालापासून परीक्षा व शिकाऊ चालकाची ‘एल’ पाटी या दोन्ही गोष्टी आल्या. आपल्याकडील पाटीही त्याच धर्तीची आहे. परीक्षेनंतर तेथे हिरव्या ‘पी’ अक्षराची पाटी लावता येते. पण ती ज्याच्या त्याच्या खुशीवर सोडलेली आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र १९६८ सालापासून परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नव्या चालकास ‘आर’ अक्षराची पाटी लावणे भागच असते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स या राज्याने याहून पुढचे पाऊल टाकले आहे. तेथे नव्या चालकाला आधी तांबड्या व मग हिरव्या ‘पी’ची पाटी लावावी लागते. तांबडी पाटी असेतोवर ताशी ९० किलोमीटरहून आणि हिरवी असेतोवर १०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाता येत नाही, आणि मद्याचा एक थेंबही चालत नाही. म्हणजे पाटी ही नुसती ओळख नसून एक पायरी आहे. एकेक पायरी चढत मनुष्य पूर्ण परवान्यापर्यंत पोहोचतो.

परंतु या कल्पनेविरुद्धही पुष्कळ बोलले जाते, आणि ते विचार करण्यासारखे आहे. पहिला आक्षेप असा की, पाटी पाहून सगळेच लोक समंजसपणे वागतील कशावरून? काही जण नवशिक्याच्या मागे मुद्दाम भोंगा वाजवितात, त्याला खेटून गाडी चालवितात किंवा त्याच्या पुढे एकदम घुसतात. आधीच गांगरलेला चालक त्यामुळे अधिक गांगरतो. दुसरा आक्षेप असा की, एका घरात एकच मोटार असते. ती कधी मुलगा चालवितो, तर कधी वडील. वडील चालवीत असताना पाटी तशीच राहिली, तर तिच्यावर कोणी विश्वास ठेवावा? खोटी सूचना वारंवार पाहिली की लोक खऱ्या सूचनेकडेही लक्ष देत नाहीत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच.

तिसरा आक्षेप अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात घेतला गेला. तेथे २०१० सालापासून एकवीस वर्षांखालील नव्या चालकांनी गाडीच्या क्रमांकाच्या पाटीवर लहानशी तांबडी पट्टी लावावी, असा कायदा अमलात आला. पालकांना भीती वाटली की, या पट्टीमुळे गाडीत अल्पवयीन मूल आहे हे दुष्ट माणसांना दुरूनच कळेल. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरविला. कायद्याच्या पहिल्या वर्षाचा जो अभ्यास झाला, त्यात अशा चालकांचे अपघात सुमारे ९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. नऊ टक्के म्हणजे फार नव्हे. पण त्या नऊ टक्क्यांत ज्यांचे मूल सुखरूप घरी आले, त्या आईबापांना विचारा!

या सर्व आक्षेपांचे उत्तर शोधावयाचे तर जपानकडे पाहावे लागेल. जपानमध्ये १९७२ सालापासून नव्या चालकाला एक वर्षपर्यंत गाडीच्या पुढे व मागे एक खूण लावावी लागते. तिच्यावर अक्षर नाही. अर्धी पिवळी व अर्धी हिरवी अशी ती कोवळ्या पानाची आकृती आहे. तिला तेथील लोक ‘वाकाबा’ म्हणजे कोवळे पान असे म्हणतात. ही खूण चुंबकाने चिकटणारी मिळते. वडील चालवावयास बसले की काढावी, मुलगा बसला की लावावी. यामुळे दुसऱ्या आक्षेपाला उत्तर मिळते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जपानच्या कायद्याने कर्तव्य केवळ नवशिक्यावर टाकलेले नाही, ते इतरांवरही टाकले आहे. ज्या गाडीवर कोवळे पान आहे, तिला कडेला दाबणे किंवा तिच्यापुढे धोकादायक रीतीने घुसणे हा तेथे दंडनीय अपराध आहे. केवळ अपघात टाळण्यासाठी तसे करावे लागले तर गोष्ट वेगळी. म्हणजे पाटी लावणारा म्हणतो, “मी नवा आहे, मला सांभाळून घ्या,” आणि कायदा इतरांस बजावतो, “त्याला सांभाळून घेतलेच पाहिजे.” पहिल्या आक्षेपाचे उत्तर यात आहे. ज्या पाटीला समाजाचे पाठबळ नाही, ती पाटी म्हणजे नुसता पत्र्याचा तुकडा होय.

जपानची आणखी एक हकिकत बोधप्रद आहे. १९९७ साली तेथे वृद्ध चालकांसाठीही एक खूण काढण्यात आली. ती नारिंगी व पिवळ्या रंगाची, शरद ऋतूतील पानासारखी होती. पण पुष्कळ वृद्धांना ती आवडली नाही. ‘हे तर वाळके पान! आम्ही काय गळून पडावयास आलो आहोत?’ असे त्यांना वाटले. शेवटी २०११ साली ती बदलून चार पाकळ्यांच्या रंगीत पानाची नवी खूण आणली गेली. यावरून काय दिसते? खूण लावणाऱ्याचा मान राखला गेला, तरच तो ती आनंदाने लावतो. कोवळे पान लावण्यात कोणाला कमीपणा वाटावा? जे आज कोवळे आहे, ते उद्या दाट सावली देणार आहे.

आपल्या देशात परवाना मिळालेल्या नव्या चालकाला अशी कोणतीही पाटी लावण्याचे बंधन नाही. तसे बंधन असावे काय? माझे मत असे आहे की, निदान पहिल्या एका वर्षापुरते ते असावे. परंतु तीन अटींवर. खूण सहज लावता व काढता येईल अशी असावी. ती दिसावयास अपमानकारक नसावी. आणि अशा चालकास त्रास देणे हा इतरांचा अपराध मानला जावा. आपल्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा दुचाकी वाहने कितीतरी अधिक आहेत, आणि अपघातात प्राण गमावणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा त्यांवरून जाणाऱ्यांचाच असतो. म्हणून दुचाकीलाही ही खूण असली पाहिजे. मात्र एवढे करूनही पाटीने कोणी चांगला चालक होत नाही, हे विसरता कामा नये. पाटी थोडी सवड मिळवून देते. त्या सवडीत शिकावयाचे ते ज्याचे त्यानेच.

नव्याचे नऊ दिवस, असे आपण म्हणतो. ते कौतुकाच्या बाबतीत खरे आहे. नवखेपणा मात्र नऊ दिवसांत जात नाही. ‘मला अजून येत नाही’ असे म्हणावयास धैर्य लागते. वर्गात न समजलेले गणित समजले असे दाखविणारा विद्यार्थी परीक्षेत फसतो, पण तेथे फार तर गुण जातात. रस्त्यावर न येणारी गोष्ट येते असे दाखविणारा चालक फसला, तर स्वतःचे नव्हे तर दुसऱ्याचेही प्राण जातात.

मुलांनो, तुम्हांला परवाना मिळावयास अद्याप पाच-सहा वर्षे अवकाश आहे. मोटार चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि तोवर वाहनाच्या चाकाला हात लावण्याचा मोह आवरणे हाच शहाणपणा. परंतु या पाठातील दुसरा अर्धा भाग तुम्हांला आजपासूनच आचरता येईल. वाटेत कोणाची गाडी चढावर बंद पडली, कोणी मुलगी नवी सायकल शिकताना डुलू लागली, तर हसू नका, ओरडू नका. थोडे बाजूला व्हा आणि तिला वाट द्या. आज जो वाकडातिकडा जात आहे, तो उद्या सरळ जाईल. आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी तसाच वाकडा गेलेला आहे, आणि तेव्हा कोणीतरी आपल्याला वाट दिली, म्हणूनच आपण सरळ चालावयास शिकलो.