दुबईचं तिकीट आलंय? मग तारीख आणि वेळ नीट वाचा

खेड, दापोली, मंडणगड भागातून दुबईला कामाला जाणारे पूर्वीपासून आहेत. आता तिकीट एजंटकडून थेट व्हॉट्सॲपवर येतं. पण त्यावरची वेळ वाचण्यात गफलत झाली तर तिकिटाचे पैसे तर जातातच, कामावर हजर होण्याची तारीखही हुकते.

सगळ्यात जास्त घोळ मध्यरात्रीनंतरच्या विमानाचा होतो. तिकिटावर "१२ तारीख, ००.४०" असं असेल तर ते विमान ११ तारखेच्या रात्रीचं. १२ ला जेवून निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोचायला सांगतात आणि काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. म्हणजे ११ ला रात्री साडेनऊपर्यंत विमानतळावर पाहिजे. खेडहून वाहतूक बरी असली तरी पाच-सहा तास धरावे लागतात, त्यामुळे ११ ला दुपारी दोनच्या आत घर सोडलेलं बरं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. समजा विमान मुंबईहून रात्री १० ला सुटतं आणि दुबईत ११.४० ला पोचतं. वाटतं, पावणेदोन तासांत दुबई! तसं नाही. पोचण्याची वेळ नेहमी तिथल्या घड्याळाची असते, आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे १.१० झालेले असतात. खरा प्रवास ३ तास १० मिनिटांचा.

येताना उलटं. तिकडून रात्री १० ला निघालेलं विमान तीन तासांनी उतरतं तेव्हा मुंबईत अडीच वाजलेले असतात आणि तारीख बदललेली असते. तिकिटावर पोचण्याच्या वेळेपुढे बारीक अक्षरात "+१" असतं ते यासाठीच. आणायला जाणाऱ्यांनी गाडी सांगताना ते बघावं, नाहीतर भाडं एक रात्र आधीच फुकट जातं.

मुंबई-दुबई सरळ अंतर साधारण १९३० किलोमीटर, त्यातलं बरंचसं अरबी समुद्रावरून. ताशी ८००-८५० च्या वेगाने अडीच तासांच्या आत व्हायला हवं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं-उतरणं हे सगळं तिकिटाच्या वेळेत धरलेलं असतं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात वाहतो, म्हणून जाताना वेळ जास्त आणि येताना थोडा कमी लागतो. (१९३० किलोमीटरला तीन तास, आणि आपल्या हायवेने सव्वादोनशेला सहा. असो.)

डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय. त्यामुळे तिकिटावर नुसतं "मुंबई" वाचून थांबू नका. बीओएम म्हणजे अंधेरीजवळचा जुना, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचा. तिकडेही विमान दुबईऐवजी शारजाला उतरणार असेल तर घ्यायला येणाऱ्याला आधीच कळवून ठेवा.