गावठाणातील घर : ठेवावे की विकावे?

शासकीय सेवेतून अथवा शाळेतून निवृत्त होण्याची वेळ जवळ आली, मुले पुण्या-मुंबईस किंवा नाशिकला स्थिरावली, की अनेक कुटुंबांत एक प्रश्न हळूहळू डोके वर काढतो. गावच्या घराचे काय करावयाचे? प्रथम तो दिवाळीच्या सुटीत निघतो व तसाच विरून जातो. पुढे एखाद्या पावसाळ्यात मागील पडवीची भिंत बसते, किंवा घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीस रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागते, आणि मग निर्णय घाईने घेतला जातो. गावठाणातील घर हे बहुतेक कुटुंबांच्या दृष्टीने आयुष्यातील सर्वांत मोठी मिळकत असते. तिचा निर्णय घाईने होऊ नये, आणि विकण्याचे ठरल्यास पुढे भावाबहिणींत वितुष्ट येऊ नये, यासाठी काय पाहावे याचा विचार येथे केला आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य व शिक्षक यांच्याकडे गावातील माणसे अशा वेळी सल्ल्यासाठी येतात. त्यांनाही या माहितीचा उपयोग व्हावा.

घर विकावयाचे म्हणजे प्रथम रंगसफेदी करावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात व्यवहार अडतो तो रंगावर नव्हे. तो अडतो कागदावर, आणि कागदावर न आलेल्या एखाद्या वारसाच्या नावावर.

स्थलांतराचा विचार

शहरात मुलाकडे जाऊन राहणे आणि गावचे घर विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी ठरविण्याचे कारण नाही. शक्य असल्यास घर न विकता आठ-दहा महिने शहरात राहून पाहावे. त्यात एक पावसाळा आणि एक सणवारांचा काळ आला तर उत्तम. चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, उद्वाहन बंद असलेल्या दिवशी, ओळखीचे माणूस खाली रस्त्यावर दिसत नसताना आपले मन रमते की नाही, हे पत्रव्यवहाराने कळत नाही.

मात्र घर बंद ठेवण्याची किंमतही ध्यानात घ्यावी. पांढऱ्या मातीच्या भिंतींचे व कौलारू छपराचे घर माणसांच्या वावरावर टिकते. चुलीचा धूर लाकडातील किडीला दूर ठेवतो, दारे-खिडक्या उघडल्याने भिंती सुकतात. कोकणात पावसापूर्वीची शाकारणी एक वर्ष चुकली, की एका सरकलेल्या कौलातून वासा कुजतो आणि वाशामागून आढे जाते. म्हणून न विकण्याचे ठरल्यास घर कोणी तरी वापरते राहील अशी व्यवस्था करावी. नातलगास राहावयास दिले तरी लेखी करार करून त्याची नोंदणी करावी. तोंडी दिलेले घर परत मागताना दोन्ही बाजूंना संकोच होतो, आणि काही वर्षांनी संकोचाची जागा वाद घेतो.

आणखी एक सावधगिरी. ‘तू सांभाळणारच आहेस, घर तुझ्याच नावावर करून टाकतो’ असे म्हणून बक्षीसपत्र करून देणारे आईवडील पुष्कळ आढळतात. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीचा कायदा २००७ साली झाला. मूलभूत गरजा भागविण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट पाळली न गेल्यास, त्या कायद्याखालील न्यायाधिकरणाकडून परत मिळविता येते. आपल्या राज्यात हे काम उपविभागीय अधिकारी पाहतात. परंतु ती अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असावी. मनात धरलेली अट न्यायाधिकरणासमोर सिद्ध करणे कठीण असते.

घर कोणाचे?

एक उदाहरण घेऊ. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेऊन घर बांधले. ते मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी. थोरला मुलगा गावी राहतो, घरपट्टी भरतो, आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या नोंदवहीत त्याचेच नाव लागलेले आहे. घर त्याचे झाले काय? नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे चौघांचा प्रत्येकी चौथा हिस्सा आहे. नमुना ८ ही करआकारणीची नोंद होय. कर कोणाकडून वसूल करावयाचा हे ती सांगते. मालकी कोणाची, हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. गावोगावी याविषयी जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशाविषयी क्वचितच असेल.

मुलीचा हक्क २००५ साली आला असे सरसकट बोलले जाते, ते अर्धेच खरे आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तिचा हिस्सा १९५६ पासूनच आहे. फक्त राहत्या घरापुरती एक अडचण होती. त्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, कुटुंबाच्या वहिवाटीतील घराची वाटणी पुरुष वारसांनी ठरविल्याखेरीज स्त्री वारसास मागता येत नसे. ९ सप्टेंबर २००५ पासून ते कलम वगळण्यात आले. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क देणारी सुधारणाही त्याच दिवशी अमलात आली. महाराष्ट्राने असा कायदा त्याआधी, १९९४ मध्येच केला होता. मात्र त्यात २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींचा समावेश नव्हता. २००५ च्या सुधारणेसाठी त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. ‘आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली आहे’ या नेहमीच्या उत्तराचाही त्याच निकालात विचार झाला असून, सार्वजनिक दप्तरातील सबळ पुरावा असल्याखेरीज तोंडी वाटणी सहसा ग्राह्य धरू नये, असे त्यात म्हटले आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत पत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्यांना मात्र धक्का लागत नाही. मुस्लिम, ख्रिस्ती व पारशी कुटुंबांना त्यांचे-त्यांचे वारसा कायदे लागू होतात.

तेव्हा पहिली बैठक सर्व वारसांची व्हावी, आणि ती दलाल घरी येण्यापूर्वी व्हावी. बहिणीने हिस्सा सोडावयाचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे लागते. ते करू नये असे नाही. अनेक बहिणी समजून-उमजून करून देतात. पण घराची अंदाजे किंमत तिला सांगितलेली नाही, पत्र तिने वाचलेले नाही, आणि भाऊबीजेला आलेली असताना ओवाळणीचे ताट बाजूला सारून तिची सही घेतली, हा प्रकार प्रस्तुत लेखकास शोभनीय वाटत नाही. आणि त्याची गरजही नसते. सर्व वारसांनी खरेदीखतावर विक्रेते म्हणून सह्या करून आपापल्या हिश्श्याची रक्कम थेट आपल्या खात्यात घेणे, हा सरळ मार्ग उपलब्ध आहे. आईचा चौथा हिस्सा आईच्याच खात्यात जावा. घर विकल्यावर तिला दुसरे छप्पर नाही, आणि मुलाच्या घरी राहतानाही स्वतःचे पैसे जवळ असलेल्या माणसाचे स्थान वेगळे असते.

एखाद्या वारसाला घर ठेवावयाचे असेल तर त्यालाही कायद्याने वाव दिला आहे. वारसाहक्काने आलेल्या मिळकतीतील आपला हिस्सा एक वारस विकू पाहत असेल, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क इतर वारसांना आहे. उलटपक्षी, एकट्याचा अविभक्त हिस्सा घेणाऱ्या परक्या खरेदीदाराला कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा मागता येत नाही. असा हिस्सा घेण्यास शहाणा खरेदीदार म्हणूनच पुढे येत नाही.

कागदपत्रांची सिद्धता

शेतजमिनीला सातबारा आहे, तसा गावठाणातील घरांना मालकीचा अभिलेख असंख्य गावांत दीर्घकाळ नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ खाली गावठाण मोजणीची तरतूद असली तरी अनेक लहान गावे मागेच राहिली होती. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनद्वारे गावठाणांचे मोजमाप करण्यात येऊ लागले. ज्या गावांचे काम पूर्ण झाले आहे तेथे मिळकत पत्रिका मिळू शकते. ती प्रथम काढून पाहावी. चौकशीच्या वेळी गावात हजर असलेल्या भावाचेच नाव लागले आणि मुंबईचा भाऊ व सासरची बहीण राहून गेली, असे होऊ शकते. पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असल्यास मृत्यूचे दाखले जोडून, सर्व वारसांची नावे देऊन, भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात वारस नोंदीसाठी अर्ज करावा. यास काही महिने लागू शकतात. विक्रीची तयारी येथून सुरू करावी, असे म्हणण्याचे कारण हेच.

चतुःसीमा जागेवर जाऊन पडताळाव्यात. शेजाऱ्याशी सामाईक भिंत, पन्हाळीचे पाणी पडण्याची जागा, परसदारी जाण्याची वाट, न्हाणीचे सांडपाणी, यांविषयी पिढ्यान्‌पिढ्या जो समजुतीचा व्यवहार चालतो तो नव्या मालकाला ठाऊक नसतो. शंका असल्यास मोजणी करून घ्यावी. पतसंस्थेचे किंवा बँकेचे कर्ज फिटले असेल तर बोजा कमी केल्याची नोंद झाली आहे ना, हे पाहावे. घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिल भरून पावत्या एकत्र ठेवाव्यात. विक्रीच्या तारखेपर्यंतची सार्वजनिक देणी फेडण्याची जबाबदारी कायद्याने विक्रेत्यावर आहे. जागा शासनाने अटीवर दिलेली, म्हणजे भोगवटादार वर्ग २ ची, किंवा पुनर्वसनात मिळालेली असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते काय, हे तहसील कार्यालयात आधीच विचारावे. पैसे घेतल्यावर विचारून उपयोग नाही.

घराची डागडुजी

येथे फार खर्च करू नये. छपराची गळती, मोडके जिने, धोकादायक वीजतारा व तुंबलेली गटारे एवढी दुरुस्ती पुरेशी असते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा देऊन घर नवे दिसावे असा प्रयत्न केला जातो. तो टाळावा. मातीची भिंत ओल शोषते व हवेत सोडते. सिमेंटच्या थराखाली ती ओल कोंडते, एक-दोन पावसाळ्यांत गिलावा फुगतो आणि आतली माती सुटते. चुन्याची सफेदी स्वस्त आणि भिंतीला मानवणारी. वाळवी लागलेला खांब रंगवून झाकणे तर कायद्यातही बसत नाही. सहज पाहणीत खरेदीदाराच्या लक्षात येणार नाही, पण विक्रेत्याला ठाऊक आहे, असा महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५५ सांगते. घर भर पावसात दाखविण्यास हरकत नाही. त्या दिवसांत जे घर कोरडे आहे त्याची किंमत आपोआप ठरते.

व्यवहार

१०० रुपये व त्यावरील किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. विसारपावतीने किंवा साठेखताने मालकी जात नाही. केवळ कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकण्या’च्या प्रथेलाही सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मालकी हस्तांतर मानण्यास नकार दिला. परदेशी असलेल्या वारसाने मात्र भारतीय वकिलातीसमोर कुलमुखत्यारपत्र करून पाठवावे. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. खरेदीखत सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दुय्यम निबंधकांकडे सादर करावे. मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारी किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर आकारले जाते. म्हणून किंमत कमी दाखवून वरची रक्कम रोख घेण्यात शहाणपण नाही. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा अधिक रक्कम रोखीने घेण्यास २०१५ पासून आयकर कायद्याने मनाई असून, दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो.

भांडवली नफ्यावरील कर प्रत्येक वारसास आपल्या हिश्श्यावर स्वतंत्रपणे द्यावा लागतो. १ एप्रिल २००१ पूर्वीच्या घरासाठी त्या दिवशीचे बाजारमूल्य मूळ किंमत म्हणून धरता येते. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा दाखला घ्यावा. २३ जुलै २०२४ पासून दर १२.५ टक्के आहे, परंतु त्यापूर्वी मिळालेल्या घराबाबत निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्क्यांनी होणारा कर कमी येत असेल तर तेवढाच भरता येतो. विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर विकत घेतल्यास किंवा तीन वर्षांत बांधल्यास सवलत मिळते.

अखेरची एक गोष्ट लहान वाटते, पण खरेदीखताच्या दिवशी तीच नडते. १८८२ च्या कायद्याच्या कलम ८ प्रमाणे घराबरोबर त्याची कुलपे, किल्ल्या, अडसर, दारे, खिडक्या आणि कायम वापरासाठी बसविलेल्या वस्तू खरेदीदाराकडे जातात. आजोबांनी करून घेतलेले सागवानी कोरीव दार, माजघरातील झोपाळ्याच्या कड्या, अंगणातील तुळशीवृंदावन यांपैकी काही न्यावयाचे असेल तर ते साठेखतातच लिहावे. सर्व किंमत मिळाल्यावर मालकीचे मूळ कागद खरेदीदारास द्यावयाचे असतात. म्हणून जुनी सनद, दस्त व पावत्या यांच्या प्रमाणित प्रती आधी करून घ्याव्यात, आणि देव्हारा हलवावयाचा तो ताबा देण्याच्या आदल्या दिवशी, सर्व भावंडे हजर असताना हलवावा.