निजण्याची रीत आणि शरीरातील महाशिरा

वैशाखाच्या उन्हात वरूड तालुक्यातील संत्र्याच्या बागेत दिवसभर राबून घामाने शोषलेला मजूर जेव्हा इस्पितळात आणला जातो, आणि हाताची शीर हाती लागेना म्हणून मानेतील मोठ्या शिरेतून सलाइन देण्याचा प्रसंग येतो, तेव्हा डॉक्टर खाटेचा पायथा उंचावून त्याचे डोके किंचित खाली करतात, आणि त्यामागील शरीरशास्त्र मला अत्यंत मनोहर वाटते. शिरेची भिंत धमनीप्रमाणे जाड व ताठ नसते. त्यामुळे मनुष्य उठून बसला की रक्त गुरुत्वाकर्षणाने खाली ओसरून मानेतील शीर जवळजवळ मिटते, उताणा निजला की भरते, आणि डोके दहा-पंधरा अंश खाली झुकविले की अधिकच फुगते. शिवाय सुईच्या वाटेने हवा आत ओढली जाण्याचे भयही त्यायोगे कमी होते. या स्थितीस जर्मन शस्त्रवैद्य फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग (१८४४–१९२४) यांचे नाव आहे. त्यांनी ती योजिली होती ओटीपोटाच्या शस्त्रक्रियांसाठी.

घरोघरी उपयोगाची बाब मात्र गर्भवतीची आहे. दिवस भरत आलेली स्त्री उताणी निजली असता गर्भाशयाचा भार कण्याच्या उजव्या अंगाने जाणाऱ्या अधोमहाशिरेवर पडून ती चेपली जाते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते, आणि कित्येकींना घेरी येऊन जीव घाबरा होतो. अशा वेळी तिला डाव्या कुशीवर वळविले की भार सरून शीर पुन्हा मोकळी होते, ही गोष्ट आपल्या गावांतील प्रत्येक सासूला आणि प्रत्येक आशाताईला ठाऊक असावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.