पडद्यावरची हळद

सांगलीत हळदीचा रंग कुणाला शिकवावा लागत नाही. पण मंडळी, याच सांगलीत घरच्या प्रोजेक्टरवर लग्नाची चित्रफीत लावली, की नवरीची हळद कधी हिरवट दिसते, कधी थेट शेंदरी. मग 'यंत्रच हलके' असा निकाल लागतो आणि नव्या यंत्रासाठी पैसे मोजले जातात. दोष बहुधा जुळवणीचा असतो आणि जुळवणी जवळजवळ फुकट होते.

दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झाले. पुढे कार्यक्रमाआधी उभ्या रंगीत पट्ट्या आणि एकसुरी आवाज येई, तो अनेकांना आठवत असेल. त्या पट्ट्या शोभेच्या नव्हत्या. रंग जुळवायचे ते माप होते. तशा चाचणी-चित्रांच्या फाइली आज इंटरनेटवर मोफत मिळतात.

पण आधी भिंत पाहा. साताऱ्याकडच्या जुन्या घरांत चुन्यात नीळ घालून सफेदी करत. नीळ पिवळा-नारिंगी उजेड शोषते, म्हणजे घाला नेमका हळदीवरच! नीळ नसलेला, चमक नसलेला पांढरा रंग द्यावा, नाहीतर साधा पडदा लावावा. यंत्र वीस-पंचवीस मिनिटे तापू द्यावे. 'डायनॅमिक' हा पर्याय दुकानात उठून दिसण्यापुरता. पुष्कळ यंत्रांत त्याने हिरवट झाक येते. 'सिनेमा' निवडावा.

नावांनी फसू नका. 'ब्राइटनेस'ने मुख्यतः काळा रंग ठरतो आणि 'कॉन्ट्रास्ट'ने पांढरा. चाचणी-चित्रात खाली काळ्यावर बारीक रेघा असतात. काळ्याहून किंचित उजळ रेघ जेमतेम दिसेल, बाकीच्या काळ्यात विरतील, इतपत ब्राइटनेस ठेवावा. मग पांढऱ्या छटांच्या पायऱ्या पाहाव्यात. शेवटच्या दोन एकात एक मिसळल्या, तर कॉन्ट्रास्ट जास्त झाला. नवरीच्या शालूची जर आणि नवरदेवाच्या फेट्याच्या चुण्या तिथेच हरवतात. करड्या पट्टीत निळसर झाक असेल, तर रंग-तापमान ६५०० च्या जवळ आणावे. सूर्यप्रकाशी पांढऱ्याचे हे ठरलेले माप आहे.

आता रंग. सात पट्ट्या डावीकडून अशा: करडी, पिवळी, आकाशी, हिरवी, जांभळट-गुलाबी, लाल, निळी. यांतली एकाआड एक, म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी आणि सातवी, निळा प्रकाश बाळगून असते. म्हणून निळ्या काचेतून पाहायचे. सजावटीचा जिलेटिन कागद चालेल का? त्यातून लाल आणि हिरवी पट्टी काळी दिसली तरच. नाहीतर दोन-तीन थर घ्यावेत. काही यंत्रांत फक्त निळा रंग दाखवण्याची सोय असते. ती सर्वांत उत्तम.

या चारही पट्ट्यांखाली छोटे तुकडे असतात. कडेच्या दोन पट्ट्या आपापल्या तुकड्याशी सारख्या उजळ होईपर्यंत 'कलर' फिरवावा, मधल्या दोन जुळेपर्यंत 'टिंट'. हळद हिरवी की शेंदरी, हा वाद मुख्यतः टिंटचा. मात्र डिजिटल जोडणीत टिंट सहसा मुळातच बरोबर असतो. उगाच हात लावू नये.

मग ओळखीचे काही लावून बघावे. कासच्या पठारावरची सोनकी पिवळीधमक आणि तेरडा गुलाबी-जांभळाच दिसायला हवा. दिवा जुना होत जातो तसा उजेड घटतो आणि रंगही सरकतो, तेव्हा काही शे तासांनी हीच तपासणी पुन्हा करावी. जुळलेले आकडे यंत्राच्या खोक्यावर लिहून ठेवा. घरातली मुले सेटिंग बदलणारच.